फिरत्या बिऱ्हाडाचा उजेड



व्याख्यानमालेचे चालक मला बोलवायला आले तेव्हा मी त्यांना प्रथमच सांगितले की माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे आहे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात, कारखान्याच्या वायरमनच्या हाताखाली आणि कामगारांच्या सभांतून झाले. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून विद्वानांनी बोलावे आणि बाकीच्यांनी ऐकावे अशी महाराष्ट्राची रीत आहे. ती मोडण्याचे पाप चालकांच्या माथी आहे, माझ्या नव्हे. मला तीस वर्षे दारसभेत, म्हणजे फाटकाबाहेर उभे राहून, बोलण्याची सवय आहे. तेथे विषय सोडून बोललो की लोक सायकलीवर टांग टाकून निघून जातात. म्हणून आजही विषयाला धरूनच बोलेन.

विषयाची सुरुवात एका जाहिरातीपासून झाली. आमच्या कचेरीतल्या एका तरुण कार्यकर्त्याने मला मोबाईलवर एक चित्र दाखविले. परदेशातले एक कुटुंब मोटारीमागे चाकांचे लहानसे घर जोडून रानात मुक्कामाला गेले आहे. गवतावर घडीची सौर प्लेट पसरली आहे, तिच्याजवळ संदुकीएवढी एक पेटी आहे आणि त्या पेटीवर दिवा, पंखा, चहाची किटली सारे चालले आहे. त्या पोराने विचारले, "अण्णा, याला काय म्हणतात माहीत आहे? ट्रेलर कॅम्पिंग." मी त्याला म्हणालो, "बाळा, मला माहीत नसेल तर कोणाला असेल? माझा जन्मच ट्रेलर कॅम्पिंगमधला."

मंडळी हसली, पण मी ते थट्टेने म्हटले नव्हते. माझे आईवडील बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातून ऊसतोडीला या नीरेच्या पट्ट्यात येत. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत दिवाळीपासून पाडव्यापर्यंत जितके लोक चाकांवर संसार लादून उघड्यावर मुक्काम करतात, तितके त्या जाहिरातीच्या देशातल्या एखाद्या अभयारण्यातही करीत नसतील. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर अशी कारखान्यांची नावे घेत चला. प्रत्येकाच्या भोवती टोळ्यांचे तळ पडलेले असतात. कोणी टायरच्या बैलगाडीने आलेला असतो, कोणी ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांमध्ये. ट्रॉलीत दोन-तीन पोती ज्वारी-बाजरी, गोधड्या, चूल, पाण्याची पिंपे, कोंबड्या, एखादी शेळी, म्हातारी माणसे आणि पोरे. तिकडे हौसेला जे करतात ते इकडे पोटासाठी करावे लागते, एवढाच फरक. तो लहान नाही, हेही मान्य करतो.

राज्य शासनाने २०२१ साली कारवान पर्यटनाचे धोरण जाहीर केले. चाकांवरच्या घराने प्रवाशाने हिंडावे, त्याला रात्री गाडी लावायला जागा मिळावी, तेथे पाणी आणि वीज असावी, असा त्याचा हेतू. हेतू चांगला आहे. माझे म्हणणे इतकेच की चाकांवरच्या घराला रात्री पाणी आणि वीज लागते हे शासनाला समजलेले आहे, म्हणजे आमचे अर्धे काम झाले. आता ते चाक ट्रॉलीचे असले तरी चालते, एवढे समजावून सांगायचे राहिले.

आपल्यापैकी पुष्कळांनी तळ रस्त्यावरून पाहिला असेल. आत गेलेले थोडे असतील. कोपी म्हणजे बांबूच्या कामट्यांवर चटई, त्यावर उसाचे पाचट आणि वर ताडपत्री. वाकून आत जावे लागते. एका कोपीत एक कोयता. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. आमच्या धंद्यात दोन माणसांना मिळून एका हत्याराचे नाव आहे, यावर एखाद्या विद्वानाने व्याख्यान द्यायला हरकत नाही. बाई पहाटे तीन-चारला उठते. अंधारात चूल पेटवायची, अंधारातच भाकरी थापायच्या, पाणी भरायचे, आणि सूर्य उगवायच्या आत फडात. संध्याकाळी मोळ्या वाहून गाडी भरायची. गाडी रात्री बाराला आली तर बाराला, दोनला आली तर दोनला. परत येऊन पुन्हा चूल. म्हणजे त्या बाईचा स्वयंपाक सहा महिन्यांत एकदाही सूर्याच्या उजेडात होत नाही. अंधारात जवळच्या उसाकडे जावे लागते ते वेगळेच. त्या उसात साप असतात. जुन्नर-शिरूरकडे बिबट्यांनी उसातच संसार थाटले, आणि आता बारामती-इंदापूरलाही बिबट्या नवलाचा राहिलेला नाही. अंधार ही शहरात अडचण असेल, तळावर ती जिवाशी गाठ आहे.

आमच्या लहानपणी उजेड म्हणजे चिमणी. औषधाच्या बाटलीच्या बुचाला भोक पाडून चिंधीची वात घालायची आणि आत रॉकेल. त्या चिमणीवर मी बाराखडी वाचली. सकाळी नाकातून काजळी निघायची. पुढे मी एका कारखान्यात वायरमनचा मदतनीस म्हणून लागलो. ज्या कारखान्याच्या आवारात रात्रीचा दिवस करणारे दिवे मी बसवीत असे, त्याच कारखान्याच्या भिंतीपलीकडे चिमण्या मिणमिणत असत. साखर कारखाना उसाचा चोथा जाळून स्वतःची वीज स्वतः करतो, उरलेली विकतोही. ज्याने तो ऊस तोडला त्याच्या कोपीपर्यंत मात्र त्या विजेची तार पोचत नाही. हे मी कोणा एका कारखान्याविषयी बोलत नाही. ती सगळीकडची रीत आहे.

आणि एका रात्रीची गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. इंदापूर तालुक्यातल्या एका तळावर एक चिमणी कलंडली. पाचटाची कोपी म्हणजे काय ती आगपेटीच. वारा होता, एकामागून एक सात कोप्या गेल्या. माणसे गाडी भरायला फडात होती. एका म्हातारीने चार पोरे ओढून बाहेर काढली, म्हणून जीव वाचले. धान्य गेले, कपडे गेले. एका मुलीचे दप्तर गेले. ती पाचवीत होती. आम्ही संघटनेतर्फे दुसऱ्या दिवशी गेलो, धान्य दिले, ताडपत्र्या दिल्या, पंचनामा करवून घेतला. ती मुलगी म्हणाली, "काका, दप्तर देऊ नका. रात्री दिसतंय कुठं?" तिला मी काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. बहुधा दिलेच नसावे. आमच्या मागण्यांच्या यादीत त्या वर्षी बारा कलमे होती: तोडणीचा दर, वाहतुकीचा दर, मुकादमाचे कमिशन, विमा, साखरशाळा. उजेड हे कलम त्यात नव्हते. आधीच्या वर्षीही नव्हते, आणि लाज वाटते पण सांगतो, पुढची कित्येक वर्षे नव्हते. दरासाठी आम्ही भांडलो आणि त्याला यशही आले. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती भांडल्याशिवाय मिळालेली नाही. तथापि चिमणीखाली जन्मलेल्या माझ्यासारख्या माणसालाही उजेड मागण्याची गोष्ट वाटली नाही. माणसाला जे जन्मापासून मिळत नाही ते मागायचे असते हेच त्याला सुचत नाही.

आता कोणी विचारील, की तळावर वीज का नेत नाही? न्यायची कोठे? टोळी महिना-दीड महिन्याला हलते. ज्याच्या शेतात तळ पडतो त्याच्या विहिरीवर वीज असते, पण शेतीची वीज पाळीने येते. आठवड्यात काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. मग पोरे तारेवर आकडा टाकतात. ओल्या जमिनीवर, उघड्या तारेचा आकडा. मी वायरमनच्या हाताखाली वाढलेला माणूस. मला तो आकडा पाहिला की घाम फुटतो. रेशनवरचे रॉकेल दुर्मिळ झाल्यापासून आकडे वाढले आहेत. बॅटऱ्या आहेत, पण त्या भरायच्या कोठे? मोबाईल भरायला लोक गावातल्या टपरीवर देतात, कोठे पाच रुपये, कोठे दहा. आणि मोबाईल ही चैन नव्हे, हे येथे सांगावे लागू नये. गाडी कधी येणार हे मोबाईलवर कळते, वजनाची पावती मोबाईलवर येते, गावाकडे ठेवलेल्या म्हाताऱ्या आईचा आवाज मोबाईलवर ऐकू येतो.

सरकारी योजना नाहीत असेही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने घराच्या छपरावर सौर प्लेटा बसविण्याची 'सूर्यघर' योजना आणली. तिला स्वतःचे छप्पर लागते आणि स्वतःचा मीटर लागतो. त्याच वर्षी राज्याने 'मागेल त्याला सौर कृषिपंप' ही योजना आणली. तिला स्वतःची जमीन आणि पाण्याची सोय लागते. दोन्ही योजना चांगल्या आहेत, मी त्यांच्याविरुद्ध बोलत नाही. पण डोळ्यांपुढे चित्र आणा. बांधावर शेतकऱ्याच्या सौरपंपाच्या प्लेटा उन्हात चमकताहेत आणि त्यांच्यापासून शंभर पावलांवर कोपीत अंधार आहे. सूर्याने भेद केलेला नाही; सातबाऱ्याने केला आहे. ज्याचे छप्पर दर महिन्याला मोडून ट्रॉलीत चढते, त्याच्यासाठी कोणत्याच अर्जात रकाना नाही.

म्हणून त्या जाहिरातीतल्या पेटीकडे मी जरा निराळ्या नजरेने पाहिले. ही वस्तू छप्पर मागत नाही, मीटर मागत नाही, बिऱ्हाडाबरोबर ट्रॉलीत चढते. ही आमच्यासाठीच केली असावी आणि चुकून हौशी लोकांच्या हाती गेली असावी, असे मला वाटले.

पेटीत काय असते ते सांगतो. फार गूढ काही नाही. एक बॅटरी, प्लेटेकडून आलेली वीज बॅटरीला मानवेल अशी करून देणारा एक नियंत्रक, आणि बॅटरीतल्या विजेला घरातल्या विजेसारखी करणारा इन्व्हर्टर. तिन्ही एका डब्यात घातले की त्याची किंमत दुप्पट होते. प्लेट सिलिकॉनची. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत १९५४ साली पहिली कामाची सिलिकॉन प्लेट झाली, तेव्हा ती उन्हातल्या शंभर भागांपैकी सुमारे सहा भागांची वीज करी. आज बाजारातली साधी प्लेट वीस भागांच्या वर करते. १९५८ मध्ये ती एका उपग्रहावर बसून आकाशात गेली. आकाशात पोचायला तिला चार वर्षे लागली, आणि आमच्या तळावर पोचायला साठ वर्षांहून अधिक.

आता हिशेब. हिशेबाशिवाय युनियनचा माणूस बोलला तर तो पुढारी होतो. आपल्याकडे हिवाळ्या-उन्हाळ्यात दिवसभराचे कोवळे-कडक ऊन गोळा केले तर भर दुपारच्या उन्हाचे पाच तास भरतात. शंभर वॅटची प्लेट, धूळ आणि उष्णतेची घट धरून, दिवसाला चारशेच्या आसपास वॅट-तास देते. एका कोपीची गरज काय? तीन वॅटचे दोन दिवे पाच तास, म्हणजे तीस. दोन मोबाईल, म्हणजे पंचवीस. झाले पंचावन्न. दहा कोयत्यांची टोळी धरली तर साडेपाचशे. शंभर-शंभरच्या दोन प्लेटा आठशे देतील, भरण्या-काढण्यात दीडशे जातील, उरतील साडेसहाशे. म्हणजे दहा कोप्यांचे दिवे आणि मोबाईल भागून वर शंभर उरतात. त्या शंभरात एक पंखा बसतो. दहा पंखे बसत नाहीत. ते ज्याला हवे असतील त्याने आणखी प्लेटा घ्याव्यात. तो एक पंखा कोणाला द्यायचा यावर आमच्या टोळीत मार्च महिन्यात मोठी सभा झाली. मुकादम म्हणाला, हिशेबाची वही माझ्याकडे असते, मला द्या. बायकांनी तो ठराव एका वाक्यात निकालात काढला. पंखा ओल्या बाळंतिणीच्या कोपीत गेला.

पण मी पुढे गेलो. आधी आमची फजिती ऐका. २०२१-२२ च्या हंगामात आम्ही पहिल्यांदा वर्गणी काढून अकरा कोयत्यांच्या टोळीला एक संच दिला. पैसे कमी, म्हणून जुन्या पद्धतीची शिशाची बॅटरी घेतली. तिचे वजन पन्नास किलोच्या वर. तळ हलला की तिला दोन माणसे. शिशाची बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी करू नये असा नियम आहे. तो मी सांगितला, पण लिहून ठेवला नाही. कोणीतरी तिच्यावर टी.व्ही. लावला. क्रिकेटचा सामना होता. मीही त्यांना दोष देत नाही. प्लेट एका लिंबाच्या झाडाखाली बांधली होती, चोरीला जाऊ नये म्हणून. प्लेटेवरच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी सबंध प्लेटेची वीज तुंबते. पाटाच्या मोरीत एक दगड अडकला की सारे पाणी अडते, तसे. वर कारखान्याच्या धुराड्याची काजळी. बॅटरी दोन महिन्यांत मेली.

आणि ती मेली नसती तरी गेलीच असती. हंगाम संपला तेव्हा काही कोयत्यांची उचल फिटली नव्हती. मुकादमाने प्लेटा आणि बॅटरी बाकीपोटी ठेवून घेतल्या. आम्ही भांडलो. तो म्हणाला, "कागद दाखवा." कागद नव्हता. वस्तू टोळीला दिली, पण टोळी म्हणजे कोण? तिचे नाव कोठे लिहिले होते? आम्ही वर्गणीतून विकत घेतलेला उजेड एका माणसाच्या उचलीच्या वहीत जमा झाला. तीस वर्षे मी लोकांना कागदाचे महत्त्व शिकवीत आलो, आणि मीच कागद केला नाही. त्या रात्री मला झोप आली नाही, हे खोटे नव्हे.

दुसऱ्या खेपेला, २०२३ मध्ये, शहाणपणा आला होता. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घेतली, शंभर अँपिअर-तासांची. वजन बारा किलो, पोरगेसुद्धा उचलते. पूर्ण भरली की दोन दिवस ढग आले तरी टोळी अंधारात जात नाही. ती दोन हजारांहून जास्त वेळा भरता-रिकामी करता येते. आमचा हंगाम दीडशे-पावणेदोनशे दिवसांचा, म्हणजे पार दहा वर्षांवर गेली. तिला उन्हात तापलेल्या ट्रॉलीत ठेवायचे नाही, एवढे एकच पथ्य. प्लेटा घडीच्या कापडी घेतल्या नाहीत. त्या जाहिरातीत छान दिसतात, हलक्या असतात, पण ट्रॉलीत पिंपाखाली आल्या की संपल्या. काचेच्या, ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या घेतल्या. त्या स्वस्त पडतात आणि वीस-पंचवीस वर्षे टिकतात. प्रवासात दोन गोधड्यांच्या मध्ये घालतो. डबा पत्र्याच्या पेटीतून मी स्वतः बनविला. तारेला फ्यूज घातला. सारे मिळून तीस-बत्तीस हजारांत झाले. बाजारातली एवढ्याच ताकदीची तयार पेटी त्याच्या दुपटीहून महाग आहे.

आणि इन्व्हर्टर घातला खरा, पण बंद ठेवतो. यात एक मर्म आहे ते ध्यानात घ्या, कारण ते कोणत्याही जाहिरातीत सांगत नाहीत. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, त्यावर काहीही लावले नाही, तरी तो दहाएक वॅट खात बसतो. चोवीस तासांत दोनशे चाळीस. म्हणजे चार कोप्यांची वीज त्याने काम न करता खाल्ली! असे लोक आपण इतरत्रही पाहतो. पण तो आजचा विषय नव्हे. म्हणून दिवे बारा व्होल्टचे घ्यावेत, मोबाईल थेट भरावेत, म्हणजे इन्व्हर्टरचे कारण पडत नाही आणि ओल्या हाताला धक्काही बसत नाही.

प्लेट कशी ठेवायची हे लोकांना शिकवायला मला अंश-कोन लागतील असे वाटले होते. बारामती अठरा अंशांवर. डिसेंबरअखेर दुपारचा सूर्यसुद्धा अठ्ठेचाळीस अंशांवरच असतो, दक्षिणेकडे कललेला. म्हणून प्लेट जमिनीवर आडवी टाकून चालत नाही. दक्षिणेला तोंड करून तीसएक अंश उचलावी लागते. हे मी फळ्यावर काढले. कोणालाच कळले नाही. तेव्हा एका मावशींनी, ज्यांच्या हाती पुढे पेटीची किल्ली आली त्यांनी, प्लेटेवर उसाचे एक कांडे उभे धरले आणि प्लेट हलवीत नेली. कांड्याची सावली आखूड होत होत कांड्याच्या बुडात गेली, तशा म्हणाल्या, "आता सूर्व्या सरळ बघतोय बघा." माझे अठरा अंश आणि तीस अंश तेथेच संपले. भर दुपारी कांड्याची सावली नाहीशी झाली की प्लेट बरोबर बसली. यापेक्षा चांगली रीत मला पुस्तकात सापडलेली नाही.

या खेपेला कागद केला. शंभराच्या स्टँपपेपरवर लिहिले की, ही पेटी आणि या प्लेटा टोळीतल्या दहा कोयत्यांच्या सामाईक मालकीच्या आहेत, उचलीच्या बाकीत कोणालाही धरता येणार नाहीत. दहाही ठिकाणी बाईची सही किंवा अंगठा आधी घेतला, पुरुषाचा नंतर. मुकादमाची सही साक्षीदार म्हणून घेतली. तो बराच वेळ कागद वाचत बसला होता. त्याला वाईट माणूस म्हणणे सोपे आहे. तोही कोठून तरी उचल घेऊनच आलेला असतो. पण सही केली.

आणि येथे त्याच मावशींनी असा प्रश्न विचारला की मी आजतागायत त्याचा विचार करतो आहे. पहिल्या रात्री दहाही कोप्यांत दिवे लागले, पोरे ओरडली, कुत्री भुंकली. मावशी माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, उजेड ब्येस झाला. पण आता अंधार पडलाय म्हणून थांबायची सोय गेली की! आता गाडी रातच्याला भरा म्हणतील, मोळ्या बांधा म्हणतील. अंधार हुता तवर तेवढी तरी पाठ टेकत हुती."

मी वाचलेला माणूस, म्हणून मला लगेच मुंबईच्या गिरण्या आठवल्या. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा घेऊन जे निवेदन केले, त्यात रविवारच्या सुटीबरोबरच एक मागणी अशी होती की काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. सूर्यास्त हाच त्या काळी कामगाराचा कायदा होता. रविवारची सुटी १८९० मध्ये मिळाली. पण पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले, सूर्यास्ताला कोणी विचारीना, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी कामाचे तास तेरा-चौदावर गेले. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत बारा तासांची मर्यादा घातली तेव्हा कोठे थोडा आळा बसला. विजेच्या दिव्याने ज्ञान वाढते असे आपण शाळेत निबंधात लिहितो. गिरणीत त्याने पाळी वाढविली. त्या मावशींना लोखंड्यांचे नावही ठाऊक नव्हते, पण त्यांनी पहिल्या रात्रीच ओळखले.

तेव्हा आम्ही एक नियम केला. दिवे फक्त कोपीत, चुलीपाशी, पाण्याच्या पिंपापाशी आणि बायकांच्या जाण्या-येण्याच्या वाटेवर. गाडी भरायच्या जागी पेटीचा दिवा न्यायचा नाही. ज्याला रात्री गाडी भरून हवी आहे त्याने स्वतःचा उजेड आणावा, आणि रात्रीच्या भरणीचे वेगळे पैसे बोलावेत. पेटीची किल्ली मावशींकडे. त्यांचे गुडघे गेले आहेत, त्या फडात जात नाहीत, पोरे सांभाळतात. आता सकाळी एक ओले फडके घेऊन प्लेटेवरची काजळी पुसणे हे त्यांचे पहिले काम. त्याचे त्यांना प्रत्येक कोयता आठवड्याला काहीतरी देतो. साठीत त्यांना एक हुद्दा मिळाला आहे, आणि तो त्या चांगल्या अधिकाऱ्यासारखा वापरतात, म्हणजे कोणाचेही ऐकत नाहीत.

याला पैसे कोठून आणायचे, हा प्रश्न आपल्या मनात असेल. पहिला मार्ग स्वतःच्या खिशाचा. एक कोयता मोबाईल भरायला दिवसाआड वीस रुपये धरले तरी हंगामाला दीड हजार टपरीवर देतो. पेटीचा त्याचा वाटा तीन हजार दोनशे. म्हणजे दोन हंगाम सरून तिसरा लागला की ती फुकट. परंतु हा मार्ग मी शेवटचा मानतो. कारण उजेड देणे हे ज्याने कामाला आणले त्याचे काम आहे, असे माझे मत आहे, आणि ते मी येथे स्पष्ट बोलून ठेवतो.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झाले आहे. उसाच्या टनामागे कारखान्याने दहा रुपये आणि शासनाने तितकेच द्यावेत असे त्यासाठी ठरले. आता पाटी घ्या. एक कोयता रोज दीड-दोन टन तोडतो; हंगामात अडीचशे टनांच्या आतबाहेर. दहा कोयत्यांचे अडीच हजार टन. टनाला दहाप्रमाणे पंचवीस हजार. शासनाचे धरून पन्नास हजार. आमची पेटी तीस-बत्तीस हजारांची, दहा वर्षे चालणारी. म्हणजे टोळीने तोडलेल्या उसाच्या एका हंगामाच्या रकमेत तिचा दहा वर्षांचा उजेड बसतो आणि पैसे उरतात. मुंबईच्या आय.आय.टी.ने २०१४ च्या सुमारास विद्यार्थ्यांसाठी दहा लाख सौर दिव्यांचे काम हाती घेतले. ते दिवे गावोगावच्या लोकांनी जोडले, दुरुस्तीही त्यांनीच शिकून घेतली. म्हणजे हे होत नाही असे कोणी म्हणू नये. टोळीतल्या एका पोराला डाग मारायला आणि फ्यूज बदलायला शिकविले की पुरे. आमच्याकडे ते काम आता ज्या पोराने टी.व्ही. लावला होता तोच करतो.

या दोन तालुक्यांतल्या बागायतदारांना माझी एक विनंती आहे. आपल्यापैकी कित्येक येथे बसले आहेत. तळासाठी जागा देताना झाडाखालची देऊ नका. सावलीत बरे वाटेल म्हणून आपण चांगल्या मनाने देता. पण दक्षिणेला मोकळे असलेले एक कोपरे द्या, प्लेटेपुरते. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकीवरून इंदापूरला जाते, तेव्हा दिंड्यांच्या मुक्कामाला आपण अंगण झाडून देता, पाणी देता, दिवा लावता. मी असे म्हणत नाही की ऊसतोड्याला वारकरी समजा. तो दिंडीपेक्षा जास्त दिवस राहतो आणि आपला ऊस नेतो, इतकेच म्हणतो.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले, म्हणून आवरते घेतो. पेटी मी बरोबर आणली आहे, या व्यासपीठाखाली ठेवली आहे. मावशींनी ती दोन दिवसांसाठी दिली आहे आणि माझ्याकडून वहीत सही घेतली आहे. टोळी परवा गावाकडे निघते, त्याआधी परत करायची आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी सभा संपल्यावर पुढे यावे, झाकण उघडून दाखवीन. फक्त डाव्या बाजूचे लाल बटण कोणी दाबू नका. ते इन्व्हर्टरचे आहे.